कन्याकुमारीच्या अलीकडे

तिरुवनंतपुरमहून कन्याकुमारी नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, मग अरबैल घाट उतरून अंकोला आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने मंगळूर, कोळिकोड, कोची असं जवळजवळ दीड हजार किलोमीटर पायडल मारत आलेल्या माणसाला हे अंतर दुपारच्या जेवणापर्यंत संपतं. बरेच गट तसंच करतात. पहाटे अंधारात निघायचं, दुपारी समुद्रापाशी सायकली डोक्यावर धरून फोटो काढायचा आणि मिळेल ती परतीची गाडी पकडायची. आम्ही मात्र मध्ये मुद्दाम मुक्काम घातला. निधी गोळा करायला निघालेल्यांनी शेवटचा टप्पा घाईत उरकू नये, हे माझं मत याच रस्त्यावर पक्कं झालं.

पैसा कशासाठी, ते आधी सांगतो. बीड जिल्ह्यात दसरा सरला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, पलीकडे बेळगाव-बागलकोटपर्यंत. फडाजवळ कोप्या पडतात आणि कारखाना बंद होईपर्यंत संसार तिथेच. मुलं बरोबर गेली की शाळा तुटते. थोरली मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळणं आणि पाणी भरणं तिच्याकडे येतं. गावात आजी-आजोबा असतील तर मूल मागे राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहाचाच आधार. आम्ही ज्या वसतिगृहासाठी निघालो होतो तिथे अशीच मुलं राहतात. त्यांचं हंगामभराचं धान्य, अंथरूण-पांघरूण आणि मुलींच्या खोल्यांपाशी रात्री राहणाऱ्या बाईंचा पगार, एवढं भागवायचं होतं.

निपाणीच्या पुढे आम्हाला रस्त्याच्या कडेला तीच माणसं भेटली. मोळ्यांनी लादलेल्या बैलगाडीच्या पुढे एक बाई चालत होती. आमची बोली ऐकून तिने बैल थांबवले, कुठले तुम्ही म्हणून विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिथं जागा हाय का अजून? माझी दोन कोपीवरच हायती." गुरुजींनी तिचा नंबर वहीत लिहून घेतला. आमच्यातले गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, गटात वयाने सर्वांत मोठे आणि चढावर सर्वांत शांत. वही त्यांच्याकडे. पावतीपुस्तक आमच्या सिस्टरांकडे, त्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. पंक्चर, चेन आणि ब्रेक ही खाती शेतकी पदवी घेऊन घरची शेती बघणाऱ्या दोन पोरांकडे.

अशा मोहिमेचा हिशोब पहिल्या दिवसापासून धुतल्या तांदळासारखा असावा लागतो, आणि त्यासाठी आम्ही एक गोष्ट घरीच ठरवली होती. राहणं, खाणं, सायकलचा खर्च, परतीचं तिकीट, सगळं ज्याचं त्याने करायचं. लोकांनी दिलेल्या रुपयातली एक दमडीही टायरमध्ये किंवा टी-शर्टवर जाता कामा नये. मदतीच्या नावाखाली निघालेल्या काही मोहिमांचा निम्मा पैसा फलक, गणवेश आणि मागे धावणाऱ्या गाडीच्या डिझेलमध्ये संपलेला मी पाहिला आहे. देणाऱ्याला ते कळत नाही असं नाही. तो फक्त बोलत नाही आणि पुढच्या वेळी देत नाही. आमचे बरेचसे देणगीदार किलोमीटरमागे रुपया, दोन रुपये असं बोललेले. त्यामुळे रोज संध्याकाळी अंतर कळवावं लागे आणि ते कळवताना पुन्हा चार शब्द बोलणं होई. वाटेत देणाऱ्यांसाठी वसतिगृहाच्या खात्याचा क्यूआर कोड सीटमागच्या पिशवीवर शिवलेला. आयकराच्या 80 जी कलमाखाली सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोखीने चालत नाही, हेही अनेकांना रस्त्यावर उभं राहून समजावून सांगावं लागलं. पावती मात्र दहा रुपयांचीही द्यायची, हा सिस्टरांचा आग्रह. पावतीवर माणूस स्वतःचं नाव वाचतो आणि मग वसतिगृहाचं नाव वाचतो, असं त्या म्हणत.

तिरुवनंतपुरमहून निघताना सचिवालयासमोरच्या स्टॅच्यू जंक्शनला थांबलो. ज्या पुतळ्यामुळे चौकाला हे नाव पडलं तो पुतळा सर टी. माधवरावांचा. तंजावरच्या मराठी घराण्यांपैकी एकातला, कुंभकोणमला 1828 साली जन्मलेला हा माणूस 1857 ते 1872 या काळात त्रावणकोरचा दिवाण होता, आणि पुढे इंदूर व बडोद्याचाही. संस्थानावरचं कर्ज फेडून त्याने कारभार रुळावर आणला. रोज हजारो मल्याळी माणसं त्याच्या नावाने नव्हे तर पुतळ्याच्या नावाने बसचं तिकीट काढतात. गुरुजींनी पोरांना माधवरावांची गोष्ट सांगितली, तीही रहदारीच्या आवाजावर आवाज चढवून, आणि एका रिक्षावाल्याने शेवटपर्यंत उभं राहून ऐकली.

शहराबाहेर पडताना रस्ता निवडावा लागतो. कळकूट्टमपासून कोवळमवरून कारोडेकडे जाणारा नवा बाह्यवळण मार्ग गुळगुळीत आहे, रुंद आहे आणि वेगही चांगला मिळतो. जुना रस्ता करमना, बालरामपुरम, नेय्याट्टिनकरा, पारश्शाला असा गावागावांतून जातो. तिथे बस कट मारतात, दुकानांचे फलक रस्त्यावर आलेले असतात, शाळा सुटायच्या वेळी पाय टेकावाच लागतो. आम्ही जुना धरला. केरळभर राष्ट्रीय महामार्ग 66 च्या सहापदरीकरणाची धूळ खात आलो होतो. मोठ्या रस्त्यावर आपल्याला गाड्या भेटतात, माणसं भेटत नाहीत, हे तोवर पुरतं कळलं होतं. मोटारीतून उतरून कुणी पैसे मागायला आला तर समोरचा आधी त्याच्या मोटारीकडे बघतो. सायकलवरून घामाने निथळत आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात. कुठून आलात, हा प्रश्न पाण्यापाठोपाठ येतो. मग आम्हाला काही मागावं लागत नाही, फक्त सांगावं लागतं.

बालरामपुरम हे हातमागाचं गाव. पांढऱ्या सुती कापडाला सोनेरी काठ असलेली केरळची मुंडं आणि साड्या इथल्या विणकरांच्या खड्डामागावर तयार होतात. विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि माग जमिनीलगत असतो. ते बघून न्याहारीला एका छोट्या हॉटेलात शिरलो. परोट्याची कणीक आपटणारा तरुण आमचं बोलणं ऐकत होता. मुर्शिदाबादचा होता. केरळात बांधकामावर, हॉटेलात, लाकडाच्या वखारीत बंगाल, ओडिशा, आसाममधून आलेली माणसं जागोजागी आहेत, आणि आमच्या मोडक्या हिंदीला तीच माणसं पुढे येत. त्याने हात पुसत विचारलं, "गन्ना काटने में बच्चा भी साथ जाता है?" सिस्टरांनी सांगितलं, कोप्या कशा असतात, थंडीत मुलं कुठे झोपतात, शाळा कशी सुटते. तो ऐकत राहिला. "मेरा बेटा नानी के पास है," म्हणाला. "दूसरी में है।" मग गल्ल्यावरच्या मालकाला मल्याळममध्ये काहीतरी सांगून फोन आणायला आत गेला. त्याने पन्नास रुपये पाठवले आणि पावतीवर स्वतःचं नव्हे, मुलाचं नाव घालायला सांगितलं. स्पेलिंग त्याने स्वतः तपासलं. पावतीची चौपदरी घडी करून फोनच्या कव्हरमध्ये ठेवली आणि पुन्हा कणकेकडे वळला. मालकाने तोवर आतल्या टेबलांवर सगळी हकीकत पोचवली होती. आणखी तीन पावत्या तिथेच फाटल्या.

ज्याला स्वतःला मूल मागे ठेवून यावं लागलं आहे त्याला वसतिगृह म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. या प्रवासात मोठ्या रकमा ओळखीतून आल्या, पण पावत्यांची संख्या अशा माणसांनी वाढवली. गाडीतून नव्वद किलोमीटर गेलो असतो तर यातलं कुणीच भेटलं नसतं.

पारश्शालानंतर कळियक्काविळै येतं आणि केरळ संपतं. फलकांवरची लिपी बदलते, बसचा रंग बदलतो. बाकी दोन्हीकडे तीच रबराची आणि केळीची बाग, तेच कौलारू घर. विळवनकोड, कल्कुळम, तोवाळै आणि अगस्तीश्वरम हे तालुके 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत त्रावणकोर-कोचीन राज्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते मद्रास राज्याकडे आले आणि कन्याकुमारी जिल्हा झाला. त्यासाठी इथल्या तमिळ भाषकांनी मोठं आंदोलन केलं होतं. आपल्याकडे सीमेच्या गोष्टी अजून धगधगत्या आहेत, त्यामुळे दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलणारी इथली दुकानदार मंडळी बघून मी थोडा रेंगाळलो. मार्तंडमला मध फार. रबराच्या बागांमुळे इथे मधमाशीपालन जुनं आहे. मट्टी नावाची छोटी, वासाची केळी इथल्या हातगाड्यांवर मिळतात. एका आज्जीने आमच्याकडून दोनच केळ्यांचे पैसे घेतले आणि फणी पिशवीत घातली. ती देणगी वहीत कशी लिहायची यावर गुरुजी आणि सिस्टर यांच्यात खूप वेळ चर्चा झाली. शेवटी 'केळी, एक फणी, मार्तंडम' अशी नोंद झाली.

तिरुवनंतपुरम ते नागरकोविल हा रस्ता नकाशावर सपाट दिसतो, पायांना तसा लागत नाही. लहान लहान चढ-उतार सतत. शरीर या सुमारास कुरकुरायला लागलेलं असतं. हँडलवर दिवसदिवस भार टाकल्याने तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दबते आणि करंगळी, अनामिका बधिर होतात; आमच्या एका पोराला सकाळी शर्टाची बटणं लावता येत नव्हती. उपाय साधा आहे. पकड दर काही मिनिटांनी बदलायची, मनगट वाकू द्यायचं नाही, हँडल थोडं वर घ्यायचं. सीटला घासून झालेल्या जखमा कोरड्या ठेवायच्या, रोज धुतलेली चड्डी घालायची. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत चेन एका रात्रीत तांबूस होते, तेव्हा संध्याकाळी पुसून तेल घातल्याशिवाय झोपायचं नाही. अरबैल घाटाच्या उतारावर ब्रेकची रबरं निम्मी झाली होती, ती आम्ही मंगळुरात बदलली. शेवट जवळ आला की या सगळ्यांत ढिलाई येते. आता काय, पोचलोच, असं म्हणत माणूस हेल्मेटचा पट्टा सैल सोडतो, पाणी भरायला थांबत नाही. ईशान्य मोसमी पावसाची एखादी सर डिसेंबरातही इथे येते आणि ओल्या रस्त्यावरचे झेब्रा पट्टे फार निसरडे असतात. सिस्टरांनी शेवटच्या टप्प्यासाठी नियम कडक केले होते, सैल नाही. मला ते मनापासून पटलं.

मुक्काम तक्कलैला. इथून जवळच पद्मनाभपुरमचा राजवाडा आहे. तिरुवनंतपुरमला राजधानी हलण्याआधी त्रावणकोरचे राजे इथे राहत. वाडा उभा आहे तमिळनाडूत, सांभाळतं त्याला केरळ सरकारचं पुरातत्त्व खातं. बहुतांशी लाकडाचा. त्याची काळी जमीन मी गुडघ्यावर बसून पाहिली. नारळाच्या करवंटीचा कोळसा, चुना, अंड्याचा पांढरा बलक असं मिश्रण घोटून केलेली ही जमीन आजही आरशासारखी चमकते. खिडकीच्या जाळीतून आलेला उजेड तिच्यात पूर्ण दिसतो. चप्पल बाहेर ठेवावी लागते आणि सोमवारी वाडा बंद असतो, एवढं लक्षात ठेवून जावं.

संध्याकाळी नागरकोविलहून एक गृहस्थ भेटायला आले. मूळचे आटपाडीकडचे, गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं दुष्काळाने गाव सोडून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात पडली आणि देशभर पसरली. दक्षिणेतल्या बहुतेक सराफी पेठांत एक तरी गलाईचं दुकान असतं आणि त्यात आपल्या वळणाची मराठी बोलली जाते. त्रिशूरमध्येही अशाच एका दुकानात आम्हाला जेवण आणि आकडा दोन्ही मिळालं होतं. आकडा अजून खात्यात यायचा होता. हे गृहस्थ लहानपणी वडिलांबरोबर इकडे आले. घरात मराठी, दुकानात तमिळ. म्हणाले, "आमच्या गावात दोनच वाटा होत्या. एक भट्टीपाशी यायची, एक फडावर. आम्हाला भट्टी मिळाली." त्यांनी चेक दिला, आणि वर मुलाला बोलावून वसतिगृहाच्या मुलांची यादी वाचून दाखवायला लावली. मुलगा देवनागरी अडखळत वाचत होता. वडील प्रत्येक आडनावाला मान हलवत होते.

सकाळी नागरकोविल ओलांडलं. शुचींद्रमच्या देवळात शिव, विष्णू आणि ब्रह्मदेव एकत्र पुजले जातात. अठरा फुटी मारुती आहे आणि टिचकी मारली की सूर देणारे दगडी खांब आहेत. पुढे भाताची खाचरं, कमळांची तळी आणि डावीकडे मरुंतुवाळ मलै नावाची खडकाळ टेकडी. लक्ष्मणासाठी संजीवनीचा डोंगर नेताना हनुमंताच्या हातून त्याचा तुकडा इथे पडला, असं लोक सांगतात. मला त्या टेकडीचं दुसरंच अप्रूप होतं. तापीच्या दक्षिणेला सुरू होणारी सह्याद्रीची रांग सोळाशे किलोमीटर येऊन इथे, समुद्र दिसायच्या जरा आधी, संपते. कात्रजला चढलो होतो, अरबैलला उतरलो होतो, तो हाच डोंगर. दोन्ही पोरांनी सायकली खाली लावल्या आणि बराच वेळ तिकडे बघत उभी राहिली. कन्याकुमारीतल्या फोटोपेक्षा हा फोटो त्यांनी आधी घरी पाठवला.

कन्याकुमारीत रस्ता संपतो आणि समोर दोन खडक दिसतात. एकावर तिरुवळ्ळुवरांचा 133 फुटी पुतळा. तिरुक्कुरळचे अध्याय 133, म्हणून उंची तेवढी. 1 जानेवारी 2000 रोजी त्याचं अनावरण झालं. त्या ग्रंथात दान देण्यावर अध्याय आहे, तसा मागण्यावर आहे आणि मागायला लागण्याच्या भीतीवरही आहे. वाटेत ज्यांना ज्यांना थांबवलं त्यांच्यापुढे पहिलं वाक्य बोलताना घसा कोरडा पडायचा. ती भीती इतकी जुनी आहे हे वाचून बरं वाटलं. दुसऱ्या खडकावर विवेकानंद स्मारक. डिसेंबर 2024 मध्ये दोन्ही खडक 77 मीटर लांबीच्या काचेच्या पुलाने जोडले गेले. समुद्र खवळला की बोटी बंद राहतात, तेव्हा हाताशी वेळ ठेवूनच यावं.

या स्मारकामागे एकनाथ रानडे होते. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. विवेकानंदांच्या जन्मशताब्दीत, 1963 च्या सुमारास, खडकावर स्मारक करायची कल्पना पुढे आली तेव्हा मद्रासचं सरकार राजी नव्हतं. रानड्यांनी दिल्लीत तीन दिवसांत सगळ्या पक्षांच्या 323 खासदारांच्या सह्या मिळवल्या. मग पैशाचा प्रश्न. राज्य सरकारांनी दिले, संस्थांनी दिले, पण रानड्यांनी एकेका रुपयाच्या पावत्याही छापल्या आणि कार्यकर्ते त्या घेऊन देशभर घरोघर गेले. लाखो लोकांनी तो रुपया दिला. 2 सप्टेंबर 1970 रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. चार उद्योगपतींकडे जाऊन रक्कम कदाचित लवकर उभी राहिली असती. पण रुपया मागायला कुणीतरी दारात जातो, बसतो, बोलतो, आणि त्या बोलण्यामुळे एखादी गोष्ट लाखो घरांची होते. बालरामपुरमच्या हॉटेलातली पन्नास रुपयांची पावती मला इथे आठवत होती. आणि याच टोकावरून 1985 च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी भारत जोडो अभियान सुरू केलं. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबा वाहनात आडवे, आणि बरोबर शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर, काश्मीरच्या दिशेने. गुरुजी तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. जाता आलं नाही, याची रुखरुख त्यांनी बोटीच्या रांगेत उभं असताना बोलून दाखवली.

रात्री लॉजच्या फरशीवर हिशोब मांडला. वही, पावतीपुस्तक आणि बँकेचे संदेश जुळवताना मध्यरात्र झाली. ठरवलेला आकडा अजून थोडा लांब होता. अंतर संपलं होतं, त्यामुळे किलोमीटरमागे बोललेल्यांची रक्कम आता नक्की झाली होती. प्रत्येकाला शेवटचं अंतर, त्याचा आकडा आणि खातं असं लिहून पाठवलं. हे काम पोचल्याच्या दिवशीच करावं. घरी गेल्यावर सत्कार, हारतुरे होतात आणि आठवड्याने पाठवलेल्या निरोपाला उत्तर येत नाही.

परतीला पुण्यापर्यंत थेट गाडी आहे. सायकलींची पुढची चाकं काढून, हँडल फिरवून, डिरेल्युरवर पुठ्ठा बांधून त्या पार्सल कचेरीत नेल्या. वजन, अर्ज, ओळखपत्राची प्रत, तिकिटाची प्रत. त्यात सकाळ गेली. फलाटावर बसल्यावर गुरुजींनी वसतिगृहाच्या अधीक्षकांना फोन लावला. वहीतल्या त्या निपाणीकडच्या नंबरावर त्यांचं बोलणं झालं होतं. पैसे जानेवारीच्या सुरुवातीला पोचले तर आणखी दोन खाटा टाकता येतील, फक्त मुलांना तिकडून आणायला कुणीतरी जायला हवं, असं ते म्हणाले. पोरांपैकी धाकट्याने लगेच जबाबदारी घेतली. कोल्हापूरपर्यंत बस, पुढे मोटरसायकल मागून घेतो म्हणाला. मग आम्ही यादी वाटून घेतली आणि ज्यांचे पैसे यायचे होते त्यांना फोन लावायला लागलो. त्रिशूरचे गलाईवाले उचलत नव्हते. दुपारी भट्टी चालू असते, संध्याकाळी पालक्काड सोडल्यावर पुन्हा लावू, असं ठरलं.